चेरी श्रिम्पची निळी लाईन: कोकणातल्या विहिरीच्या पाण्यावर कुणी टिकवली आहे का?

खाडीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे गप्पी, बेट्टा, गोल्डफिशवर पोत्याने धागे आहेत, पण श्रिम्पवर, म्हणजे टँकमध्ये पाळायच्या गोड्या पाण्यातल्या बारक्या रंगीत कोळंबीवर, सलग चर्चा सापडली नाही. म्हणून हा धागा काढतेय.

मी गुहागर तालुक्यात राहते. घरी लाल चेरी चांगल्या रुळल्या आहेत, आता निळी लाईन पक्की करायची आहे. पक्की म्हणजे दर विणीला बहुतेक पिल्लं गडद निळी निघावीत, रंग पायांपर्यंत उतरलेला असावा आणि तो पुढच्या पिढीतही तसाच यावा. माझ्याकडे दोन खेपा आहेत. एक कुर्ल्याच्या बाजारातून ‘ब्लू व्हेल्वेट’ म्हणून आणलेली: फिकट आकाशी, पण काटक. दुसरी कोलकात्याहून मागवलेली ‘ब्लू ड्रीम’: रंग झकास गडद, पण नाजूक वाटते. सध्या दोन्ही वेगवेगळ्या टँकमध्ये आहेत.

विचारायचं आहे ते असं. दोन्ही एकत्र केल्या तर एकीचा काटकपणा आणि दुसरीचा रंग मिळेल का? निवड कोणत्या वयात करायची? नर सगळेच फिकट दिसतात, मग त्यांतला चांगला ओळखायचा कसा? आणि आपल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात एक, मे महिन्यात दुसरंच, तर अशा पाण्यात रंगाचा अंदाज घ्यायचा तरी कसा?

‘यूट्यूबवर बघा’ असं कृपया नको. तिथले सगळे थंड देशातले, त्यांना हीटर कुठला घ्यावा याची चिंता.

शेवाळ

वाचतेय. पॉपकॉर्न घेऊन बसले.

अर्धवट_विज्ञानी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एकत्र करू नका.

दोन्ही निळ्या दिसतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत. मूळ रानटी निओकॅरिडिना डेव्हिडी (चेरी श्रिम्पचं शास्त्रीय नाव) ही पूर्व चीन, तैवान, कोरिया या पट्ट्यातली, तपकिरी-हिरवट, जवळजवळ पारदर्शक. तिच्यातून निवड करत करत तैवानात लाल चेरी तयार झाली. लालमधून रिली निघाली, म्हणजे डोकं-शेपूट लाल आणि मधलं अंग पारदर्शक. रिलीच्या काही पिल्लांत त्या पारदर्शक भागाला निळी झाक होती, ती पुढे वाढवली. व्हेल्वेट त्या बाजूची मानतात. ब्लू ड्रीम मात्र चॉकलेट लाईनमधून आलेली. काळी ब्लॅक रोज आणि ती गडद लाल ब्लडी मेरी याच घराण्यातल्या. ही वंशावळ पाळणाऱ्यांनी आपसात जुळवलेली आहे, आणि दुकानात नावं सर्रास अदलाबदल होतात, हेही लक्षात ठेवा. पिशवीवर काय लिहिलंय त्यापेक्षा पिल्लं काय निघतात त्यावर विश्वास ठेवा.

आता एकत्र का नको? एका लाईनमध्ये रंगाच्या साखळीतला एक जनुक बदललेला असतो, दुसऱ्या लाईनमध्ये भलताच. दोन्हींचा संकर केला की पिल्लाला प्रत्येक ठिकाणी एका पालकाकडून तरी मूळ, धड प्रत मिळते. असे बदल बहुधा अप्रभावी असतात, त्यामुळे धड प्रतीचंच चालतं आणि पिल्लू पुन्हा रानटी तपकिरी. लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या सगळ्या एका टँकमध्ये सोडणाऱ्यांच्या नशिबी काही पिढ्यांनी मातकट रंग येतो तो याचमुळे. हापूसची कोय रुजवून हापूस मिळेलच असं नाही, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आंब्याला निदान कलमाची सोय आहे. श्रिम्पला ती नाही. इथे प्रत्येक पिढी कोयीतूनच यायची.

अप्रभावी रंगाचं सर्वात स्वच्छ उदाहरण निओकॅरिडिनात नाही, तिच्या जवळच्या कॅरिडिना या श्रिम्पच्या गटात आहे. १९९० च्या दशकात जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांना काळ्या-पांढऱ्या बी श्रिम्पमध्ये मोजक्याच लाल-पांढऱ्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, आपसात जुळवून त्यांनी क्रिस्टल रेड लाईन उभी केली. आजही शुद्ध काळी आणि क्रिस्टल रेड जुळवली तर पहिली पिढी सगळी काळी. त्या काळ्यांना आपसात जुळवलं की साधारण चारात एक लाल. म्हणजे लाल कुठे गेला नव्हता, पोटात होता.

यातून तुमच्या कामाची गोष्ट: समजा तुमच्या ब्लू ड्रीमच्या विणीत अधूनमधून चॉकलेटी पिल्लं येतात. ती काढून टाकलीत म्हणजे सुटलात असं नाही. त्यांची निळी दिसणारी भावंडंही तोच वारसा लपवून बाळगत असू शकतात. शंकास्पद मादी वेगळ्या डब्यात एका चॉकलेटी नराबरोबर ठेवा आणि तिची पूर्ण वीण वाढू द्या. एका विणीत वीस-तीस पिल्लं येतात, एवढ्यात कळतं. एक सोय अशी की या श्रिम्प नराचं बीज पुढच्या विणींसाठी साठवून ठेवत नाहीत. कात टाकल्यावर दर वेळी नव्याने नर लागतो. त्यामुळे विकत आणलेल्या मादीच्या पोटाला अंडी असतील तर फक्त त्या एका विणीचा बाप अज्ञात, पुढच्या तुमच्या हातात.

आणि ‘निळा की नाही’ हा एक प्रश्न, ‘किती गडद, पायांपर्यंत का’ हा दुसरा. दुसरा एका जनुकाचा खेळ नाही, तिथे थोडं थोडं करत पिढ्यांमागे पिढ्या घालवाव्या लागतात.

देवबागचो_बाबी

गे बाय, सुंगटां निळी करून काय करतलंस? कढयेत घातलंस की सगळी तांबडीच होतली.

खाडीकाठची

बाबी, ही दोन-अडीच सेंटिमीटरची सुंगटं आहेत. तुझ्या कढीत शोधायला भिंग लागेल.

अर्धवट_विज्ञानी

बाबींनी थट्टेत मुद्द्याचं सांगितलं आहे. शेवंड जिवंत असताना निळसर-काळी आणि उकडल्यावर लालभडक का होते? अ‍ॅस्टाझँथिन नावाचं लाल-केशरी रंगद्रव्य एका प्रथिनाला जखडलेलं असतं, त्या जोडीने ते निळं दिसतं. उष्णतेने प्रथिन मोडलं की आतला लाल सुटतो. शेवंडीच्या कवचावर हे चांगलं अभ्यासलेलं आहे. चेरी श्रिम्पच्या निळ्यात नेमकं हेच होतं असं माझं म्हणणं नाही. मुद्दा खाण्याचा आहे. कवचधारी प्राण्यांना ही रंगद्रव्यं शून्यातून बनवता येत नाहीत, शेवाळ वगैरे खाऊन मिळवावी लागतात. त्यामुळे रंग वाढवणारं खाद्य घालून मग निवड करायला बसलात तर तुम्ही खाद्य निवडताय, श्रिम्प नाही. लाल आणि केशरी लाईनला हे जास्त लागू, पण सवय सगळ्यांसाठी चांगली.

हर्णैचा_नाखवा

विज्ञानीसाहेबांचं पुस्तक बरोबर आहे. आता हाताचं काम सांगतो.

निवड टँकच्या काचेतून करू नकोस ताई. काळ्या वाळूवर भिकार श्रिम्पसुद्धा गडद दिसते आणि पांढऱ्या वाळूवर चांगलीही फिकी पडते. त्यांच्या कातडीतल्या रंगपेशी पसरतात-आकसतात, तळ बघून आणि घाबरूनही. पांढरी प्लास्टिकची ट्रे घे, टँकचंच पाणी घाल, सगळ्या उमेदवार एकदम ट्रेत घे. पहिली दोन-चार मिनिटं बघू नकोस. मग एकाच उजेडात, एकाच बैठकीत सगळ्या बघ. आज पाच आणि उद्या पाच असं केलंस की तुझा डोळा बदलतो. फार वेळही ठेवू नकोस, सगळ्याच फिकट होत जातात.

वय: अडीच-तीन महिन्यांच्या आत रंगावर शिक्का मारू नकोस. बारकी पिल्लं फसवतात, काही उशिरा भरतात. त्यातून मादीचा रंग वयाबरोबर वाढत जातो. फक्त उघड चॉकलेटी-तपकिरी दिसली तर लगेच बाजूला कर, तिथे थांबायचं कारण नाही.

मादीत काय बघायचं: पाय आणि पोटाखालचे पल्ले. पाठ सगळ्यांचीच बरी दिसते. पायात रंग असला की माल वरचा. लाल चेरीचे दर्जे असेच ठरतात. साधी चेरी ठिपक्याठिपक्यांची, साकुरा बरी भरलेली, फायर रेड पूर्ण लाल, आणि पेंटेड फायर रेडमध्ये पायसुद्धा अपारदर्शक, इतकं की पाठीवरचं अंड्यांचं खोगीरही (मादीच्या पाठीत दिसणारी, अजून न घातलेली अंडी) दिसू नये. निळ्याला अशी सर्वमान्य शिडी नाही, पण डोळा तोच लाव.

नर: इथे बहुतेक जण हरतात. नर लहान, सडपातळ, फिकट. त्याच्याकडे बघून त्याच्या पोरी कशा निघतील हे कळत नाही. म्हणून नर निवडायचा तो त्याच्या बहिणींवरून. ज्या विणीत माद्या एकजात गडद निघाल्या त्या विणीतले नर ठेव, बाकीच्या विणींतले सगळे नर काढ. त्यासाठी विणी वेगळ्या वाढवाव्या लागतात. जाळीच्या डब्यातही चालतं, मोठा पसारा लागत नाही.

माद्यांवर हात सैल ठेव, नरांवर घट्ट. एक नर खूप माद्यांपर्यंत पोचतो.

शेवाळ

नाखवाकाका, ट्रेची युक्ती वहीत लिहून घेतली. पण ‘काढ’ म्हणजे नक्की काय? मारायच्या?

हर्णैचा_नाखवा

माझ्याकडे उरलेल्यांचा एक सिमेंटचा हौद आहे, अंगणात, जाळी टाकून. मातकट, अर्ध्या रंगाच्या सगळ्या तिथे. मजेत असतात. शेजारची पोरं हौसेने मागायला येतात, त्यांना देतो, पण ‘या मिसळलेल्या आहेत’ असं सांगूनच. निवडीच्या टँकमधून बाहेर गेली म्हणजे काम झालं, जीव घ्यायची गरज नाही.

मुंबईकर_चाकरमानी

घरामागच्या पऱ्यात सोडून द्यायच्या की. गप्पी मासे सोडतात तसं. तेवढीच डासांची अळी कमी होईल.

अर्धवट_विज्ञानी

नाही, नाही, नाही. कृपया हे कुणी करू नये.

एकतर या श्रिम्प डासांच्या अळ्या मारत नाहीत, त्या शेवाळ आणि सडलेला पाला खरवडून खातात. दुसरं, या जातीला समुद्राची गरज नाही. अंड्यातून थेट छोटी श्रिम्प बाहेर येते, मधली तरंगती अवस्था नाही. म्हणजे गोड्या पाण्याच्या एका डबक्यातसुद्धा ती पिढ्यानपिढ्या राहू शकते. जर्मनीत कोलोनजवळ गिलबाख नावाचा ओढा आहे, त्यात वीज प्रकल्पाचं कोमट पाणी येतं. तिथे पाळीव टँकमधून गेलेल्या निओकॅरिडिनाने बस्तान बसवलं आहे. थंड देशात एका कोमट ओढ्यात हे झालं. आपले तर बहुतेक पऱ्ये वर्षभर तिला मानवतील असे.

आणि आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या कॅरिडिना आहेत. बाबी, तुमच्या व्हाळात दिसतात ना?

देवबागचो_बाबी

गावतत तर. दगडाखाली बारकी बारकी, आरपार दिसणारी. आम्ही पोरं असताना पंचान धरू. थंय असली रंगीत सोडूक नको, ह्यां मात्र खरां.

मुंबईकर_चाकरमानी

समजलं. सूचना मागे घेतो.

जांभाचिरा

पाण्यावर बोलतो, कारण रत्नागिरीत माझी अर्धी हौस पाण्याशी झगडण्यातच गेली आहे.

जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ असतं, थोडं आम्लधर्मी, खनिजं जेमतेम. पावसाळ्यात तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजणारा) इतका खाली उतरतो की मीटर बिघडला असं वाटावं. निओकॅरिडिनाला साधारण जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) ६ ते ८, केएच (आम्लता रोखणारे कार्बोनेट क्षार) २ ते ४, टीडीएस दीडशे ते अडीचशे मानवतो. कॅल्शियम कमी पडलं की कात नीट सुटत नाही. मानेशी पांढरी कडी दिसते आणि तिथेच अडकून मरतात. तुमची ब्लू ड्रीम नाजूक आहे असं म्हणण्याआधी जीएच बघा. जात नाजूक नसेलही, पाणी भुकेलं असेल.

किनाऱ्यावरचे शिंपले धुऊन फिल्टरशेजारी पिशवीत ठेवले तर आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात. जीएच आणि केएच दोन्ही वाढतात. फुकटची सोय. पण शिंपल्यातून मॅग्नेशियम म्हणावं असं येत नाही, ते वेगळं द्यावं लागतं. श्रिम्पसाठी मिळणारं खनिज मीठ घेतलं तर दोन्ही प्रमाणात येतं.

आता सगळ्यात मोठा फसवा भाग. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. टीडीएस वर जातो आणि आपल्याला वाटतं, वा, खनिजं आली! ती खनिजं नसतात, साधं मीठ असतं. टीडीएस मीटरला सोडियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही. टीडीएस २५० आणि जीएच २ असं पाणी मी आमच्याच गावात मोजलं आहे. म्हणून निदान जीएचचं थेंबांचं किट घ्याच. आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की विहिरीचं पाणी थेट टँकमध्ये ओतू नका. एका रात्रीत पाणी इतकं बदलतं की सगळ्या एकदम कात टाकायला जातात.

रंगाविषयी सांगायचं तर पाणी सारखं डळमळत असेल तर निवड करूच नका. घाबरलेली, कातीत अडकलेली श्रिम्प फिकटच दिसणार.

श्रीवर्धनचा_रोठा

जांभाचिऱ्यांनी लिहिलं त्यात माझी भर.

आमची सुपारीची वाडी आहे. पावसाळ्यात कोळे रोगासाठी बोर्डो फवारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबं. तांबं श्रिम्पला विष, अगदी थोडंसंही. वाडीतल्या विहिरीचं किंवा पन्हळीचं पाणी फवारणीच्या दिवसांत टँकला वापरू नका. त्याच कारणाने तांब्याच्या हंड्यात साठवलेलं पाणीही नको. आपल्याला आरोग्यदायी ते तिला नाही.

आंबावाल्यांनी वेगळं लक्ष ठेवावं. मोहोरावर तुडतुड्यांसाठी सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड वगैरे चालतं. ही औषधं कीटकांसाठी असली तरी कवचधाऱ्यांनाही झोपवतात. फवारणी चालू असेल तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या बंद, टँक झाकलेले, आणि एअर पंप घराच्या आतली हवा ओढेल असा ठेवा. हात धुतल्याशिवाय टँकमध्ये घालू नका. डासांचा धूर मारायला गाडी येते तेव्हाही हेच.

जमेची बाजूही आहे. समुद्राकाठी देशी बदामाची झाडं पैशाला पासरी. त्याचं गळलेलं, वाळलेलं पान धुऊन टँकमध्ये टाकलं की त्यावर जो बुळबुळीत थर येतो त्यावर पिल्लं चरतात. बाहेरची मंडळी हीच पानं पाकिटात भरून विकत घेतात म्हणे. फक्त फवारलेल्या बागेच्या आसपासची उचलू नका.

अवांतर: टँकमध्ये प्लॅनेरिया (बारीक चपटे किडे) झाला तर बाजारात जी पावडर मिळते ती सुपारीच्या अर्काची असते. म्हणून कुणी घरची सुपारी किसून टाकू नये. प्रमाण कळत नाही, आणि गोगलगायी तर हमखास जातात.

खाडीकाठची

रोठाभाऊ, बोर्डोचं लक्षातच आलं नसतं. आमच्या शेजारी मोठी वाडी आहे आणि पन्हळ त्याच बाजूला. यंदापासून ते पाणी टँकला बंद.

एक विचारते: मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांपर्यंत जातं. पंखा लावला तरी फार उतरत नाही. रंग निवडत बसण्यापेक्षा उन्हाळा काढणाऱ्याच निवडाव्यात का?

जांभाचिरा

अगदी माझ्या मनातलं. माझं स्पष्ट मत: कोकणात आधी मे महिना, मग रंग. कोलकात्याच्या गडद निळ्या घेऊन काय करायचं, जून उजाडायला टँक रिकामा असेल तर? जी मे काढते तिचीच पिल्लं ठेवा, रंग कसाही असो. चार-पाच पिढ्यांनी काटक कळप तयार होईल, मग त्यातून निळा शोधा.

पंख्याचं म्हणाल तर पंखा बाष्पीभवनाने गारवा देतो. देशावर कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली, बाष्पीभवन होणार कुठे? फरक पडतो, पण थोडा. टँक जमिनीलगत, जांभ्याच्या भिंतीकडे, सगळ्यात गार खोलीत ठेवणं जास्त उपयोगी.

अर्धवट_विज्ञानी

जांभाचिरा, भावना पोचली, पण हिशोब मांडूया. शंभर श्रिम्प आहेत. रंगात वरच्या २० टक्के ठेवल्या तर वीस उरतात. उष्णता सोसण्यातही वरच्या २० टक्केच हव्यात अशी दुसरी अट घातली आणि दोन्ही गुणांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर उरतात चार. चार श्रिम्पवर लाईन उभी केली की काही पिढ्यांत अंडी कमी, पिल्लं कमकुवत. आधी एक गुण आणि मग दुसरा म्हणाल, तर काटकपणा निवडण्याच्या काळात रंग विरत जाणार, कारण त्याला कुणी राखत नाही.

उलट रंगाकडे बघत बसताना उष्णता आपोआप निवड करतेच आहे, त्यासाठी तुम्हाला वेगळं काही करायला नको. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याच चेरी श्रिम्प २४, २८ आणि ३२ अंशांवर ठेवून पाहिल्या. ३२ वर वीण थांबली, आणि पाणी २८ वर आणल्यावर पुन्हा सुरू झाली. म्हणजे मेमध्ये माद्या अंडी सोडून देतात ते रोगामुळे असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट नाखवांच्या ‘नरांवर हात घट्ट’ला जोडून. या जातीत वाढीच्या काळातलं तापमान नर-मादीच्या प्रमाणावर परिणाम करतं. गार पाण्यात माद्या जास्त, गरम पाण्यात नर जास्त. आपल्याकडच्या उन्हाळी पिल्लांत नरांची रेलचेल असते ती यामुळे असावी. मग या जादा नरांतून कडक निवड करायला भरपूर वाव आहे.

जांभाचिरा

हिशोब मान्य, निष्कर्ष अर्धा मान्य. तुमच्या शंभर श्रिम्प गृहीत आहेत. माझ्याकडे मेअखेर शंभराच्या किती उरतात ते पाहिलं असतंत तर वेगळं बोलला असतात. आणि काटकपणा सगळाच पिढीजात नसतो, पण थोडा तरी असतो की नाही?

अर्धवट_विज्ञानी

असतो. म्हणून मधला रस्ता सुचवतो: एप्रिल ते जुलै रंगासाठी एकही श्रिम्प काढायची नाही. उघड तपकिरी सोडून. त्या काळात उन्हाळा आणि पहिला पाऊस त्यांचं काम करतील. पाणी स्थिरावलं, गारवा आला, म्हणजे नवरात्र ते दिवाळी, की ट्रे बाहेर काढा. तोवर ज्या टिकल्या त्यांतून रंग निवडा. दोन्ही चाळण्या लागतात, पण एकाच दिवशी नाही. पाणी बरं असताना रंगाचा निवाडाही खरा होतो.

जांभाचिरा

हे चालेल. फक्त मेमध्ये गर्दी नको. निवड करायची नाही म्हणून टँक ठासून भरला तर गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि वीज गेली की संपलंच. मार्चमध्येच कळप दोन ठिकाणी वाटा.

श्रीवर्धनचा_रोठा

वाटा हे शंभर टक्के. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. वीज यायला फार दिवस लागले. स्पंज फिल्टर बंद, पंप बंद. ज्या टँकमध्ये मॉस भरपूर आणि श्रिम्प थोड्या होत्या तो तसाच्या तसा राहिला, भरलेला गेला. तेव्हापासून एकाच लाईनचे दोन टँक दोन घरांत ठेवतो, एक बहिणीकडे.

शेवाळ

आणि हे सगळं करून विकायच्या कुठे? की नुसती हौस?

हर्णैचा_नाखवा

हौसच धर. धंदा करायचा तर आधी एकसारखा माल देता आला पाहिजे, गिऱ्हाईकाच्या टँकमध्ये दुसऱ्या विणीला तपकिरी निघाल्या तर तो पुन्हा येत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरच्या अंगणातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. त्यात श्रिम्प कशा बसवायच्या ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातच विचारा. आणि रत्नागिरीला झाडगावचं मत्स्यालय एकदा बघून ये, पोरांनाही दाखव.

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. माझं ठरलं ते असं. व्हेल्वेट आणि ड्रीम कधीच एकत्र नाही. ड्रीमवर काम करायचं, व्हेल्वेट वरच्या खोलीत हौसेसाठी. शिंपल्यांची पिशवी आणि खनिज मीठ सुरू, जीएच किट मागवलं. विणी जाळीच्या डब्यात वेगळ्या वाढवणार आणि नर बहिणींवरून निवडणार. ट्रे दिवाळीला.

एकच अडचण: माझ्या ड्रीम सगळ्या एकाच खेपेतल्या, बहुधा सगळी भावंडंच. नाखवाकाका, तुमच्याकडे चॉकलेट घराण्यातली निळी असेल तर काही नर मिळतील का? विकत, अर्थात.

हर्णैचा_नाखवा

आहे. पण माझी लाईन तुझ्यापेक्षा अर्धी पायरी फिकी आहे, तेवढं धरून चाल. पहिल्या पिढीत रंग थोडा उतरेल, घाबरून सगळं काढून टाकू नकोस. आधी माझे नर तुझ्या दोन-तीन माद्यांनाच दे, वेगळ्या डब्यात. पिल्लं निळी आली तर घराणं एकच. तपकिरी आली तर दोघांपैकी कुणाला तरी दुकानदाराने चुकीचं नाव सांगितलं होतं, आणि तुझा मुख्य टँक वाचला.

पावसात पार्सल पाठवत नाही. नवरात्रानंतर सकाळच्या एसटीने देईन, पिशवीत थोडं मॉस घालून, म्हणजे पकडायला काही तरी राहतं. पोचल्या की पिशवी उघडून लगेच ओतू नकोस, तुझं पाणी थेंबथेंब घालत निदान दीड-दोन तास घे. त्याआधी तुझ्या टँकचा जीएच, केएच आणि तापमान इथेच लिही, मी माझं पाणी त्याच्या जवळ आणून ठेवतो. नुसता टीडीएस सांगू नकोस.